घासणी

कुठंही सफाई करायची म्हटली की माझ्या हाताला खाज सुटते. अर्थात घर सोडून. त्यामुळे बेडशाच्या लेण्यात सफाईला निघालेल्या मंडळींत मीही नाव दिलं. सौभाग्यवतींची तारेची घासणी पिशवीत दडवली आणि वडगावहून लोकलनं कामशेत गाठलं. तिथून गाडीनं बेडसे; मग पायऱ्या. त्या संपल्या तेव्हा सफाईची खरी गरज माझ्या फुप्फुसांना होती.

पण चैत्यगृहाचे ते उंच खांब, त्यांच्या माथ्यावरचे हत्ती-घोडे पाहिले आणि दम विसरलो. दोन हजार वर्षांची काजळी! मी बाह्या सरसावून घासणी काढली.

"अहो, थांबा!" आमच्यातले निवृत्त मास्तर ओरडले. "१८६१च्या सुमारास तुमच्यासारखाच एक हौशी अंमलदार होऊन गेला. कुणी साहेब लेणं पाहायला यायचा, म्हणून त्यानं आतून चुना फासून घेतला. खांबांवर बुद्धाची रंगीत चित्रं होती, ती गेली. इतक्या पावसाळ्यांना जे जमलं नाही, ते एका सफाईनं केलं!"

घासणी गपचूप पिशवीत गेली. दिवसभर आम्ही बाटल्या वेचल्या, कागद गोळा केले. दगडाला मात्र बोट लावलं नाही.

घरी प्रश्न तयारच होता, "काय काय घासलंत?"

"काहीच नाही. तेच तर काम होतं."

"मग एवढ्या लांब कशाला गेलात?" सौभाग्यवती म्हणाल्या, "ते तर तुम्ही घरी रोजच करता!"