तीन तोळ्यांचा माणूस

शनिवारी सकाळी माझे कलीग्ज जिममध्ये असतात, ब्रंचला असतात किंवा सरळ झोपलेले असतात. मी मटण स्ट्रीटवर असतो. दचकू नका, ही चोर बाजारातली अँटिक्सची गल्ली! खिशात एक भिंग, एक व्हर्नियर कॅलिपर आणि घासाघीस करायला लागणारा भरपूर वेळ. 'आयटीतल्या माणसाला हे काय आजोबांचं वेड?' असं ऑफिसात सगळे विचारतात. विचारू देत. एकदा हे वेड लागलं की लागलं, बॉस.

सुरुवात चांदीपासून होते. जुना ब्रिटिश चमचा उलटा करून बघा. मागे बारीक ठसे असतात. चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी. बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम (ज्या शहराला समुद्रच नाही!). शिवाय एक अक्षर वर्षाचं आणि एक खूण कारागिराची. 'ई.पी.एन.एस.' दिसलं तर चमचा निमूटपणे खाली ठेवा, चांदीचा नुसता मुलामा आहे. आपल्याकडची चांदीही काही कमी नाही हं. भूजच्या ओमरसी मावजींचं 'ओ.एम.' ठशाचं नक्षीकाम जगभरचे संग्राहक शोधत असतात.

पुढचा टप्पा मिनिएचर पोर्ट्रेट्सचा. फोटो येण्याआधीचे हे पाकिटातले फोटोच म्हणा ना! १७८५ मध्ये ओझायस हंफ्री नावाचा चित्रकार खास ही चित्रं रंगवायला इंग्लंडहून भारतात आला होता. पण त्या काळातली बहुतेक चित्रं हस्तिदंताच्या पातळ पापुद्र्यावर आहेत आणि हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे बंद आहे. त्यामुळे ती म्युझियममध्ये बघायची आणि उसासा टाकून घरी यायचं.

आरमारी वस्तू हव्यात? मग दारूखाना गाठा. मोडलेल्या जहाजांचे कंदील, गोल खिडक्या, घंटा... त्यात कालच ओतलेलं आणि आजच काळं केलेलं पितळही भरपूर. तुमच्यापैकी काहीजण तर आरमारी अवशेषावर बसून ऑफिसला जात असतील! 'विक्रांत' २०१४ मध्ये मोडीत निघाली आणि २०१६ मध्ये तिचं पोलाद वापरलेली बजाजची 'व्ही' बाइक रस्त्यावर आली.

हे सगळं मजेचं. पण गेल्या वर्षी एक वस्तू हातात आली आणि मजेचा सूरच बदलला.

२०२५ मध्ये चांदीचा भाव चढत गेला तसे लोक घरातली मोडीत काढायला लागले. ओळखीच्या एका सराफाकडे मी अधूनमधून डोकावतो. त्यांच्या तराजूत पैंजण, अत्तरदाणी आणि एक काळवंडलेलं पदक. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा स्वार. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल. 'सुमारे तीन तोळे भरतं, मोडीच्या भावात घेऊन जा,' सराफ म्हणाले.

मी कॅलिपर लावला. ३६ मिलिमीटर, बरोबर. हे महत्त्वाचं, कारण जुनं नाव कानसून नवं टाकलं की कड झिजते आणि माप भरत नाही. मग भिंग काढलं. कडेवर यंत्राने दाबलेली अक्षरं होती. नंबर, हुद्दा शिपाई, एक अस्सल मराठी नाव आणि '११० मराठा एल.आय.'

ही पलटण पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली होती. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, कूत शहराचा वेढा. घोडे कापून खायची वेळ आली आणि शेवटी सुमारे १३ हजार सैनिक तुर्कांचे कैदी झाले. माझा शिपाई त्यात होता की नाही, जगला की गेला, हे कड सांगत नाही. गावही सांगत नाही.

मेसोपोटेमियात ज्यांची कबरही सापडली नाही अशा ४० हजारांहून जास्त जणांसाठी बसऱ्याला स्मारक उभारलं गेलं. त्याच्या भिंतीवर गोऱ्या शिपायांची नावं कोरली. भारतीय शिपायांची नाहीत, त्यांचा पलटणवार नुसता आकडा! वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने या भेदभावाची जाहीर माफी मागितली ती २०२१ मध्ये. पण पदकावर मात्र प्रत्येकाचं नाव. म्हणजे ते वितळलं की धातूवर उरलेलं नावही गेलं. १९८० च्या जानेवारीत चांदी औंसाला जवळजवळ ५० डॉलरला पोचली, तेव्हा अशी पुष्कळ पदकं भट्टीत गेली. हेही त्याच वाटेवर होतं. मी पैसे मोजले.

आईला दाखवलं. ती म्हणाली, 'अरे, कुणाच्या तरी देव्हाऱ्यातला देव उचलून आणल्यासारखं वाटतंय रे. हे आपल्या घरी शोभत नाही.' इंग्लंडमधल्या एका संग्राहकाचा ईमेल आला, मी दिलेल्याच्या कित्येक पट रक्कम, तीही पौंडात! ईएमआय भरणाऱ्या माणसाला असा आकडा दोन रात्री झोपू देत नाही. पण शंभर वर्षांपुढची अशी ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर विकायला १९७२ चा कायदा परवानगी देत नाही. आणि खरं सांगू? कायदा नसता तरी आईचं वाक्य होतंच.

म्हणून मी बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरला नंबर आणि नाव कळवलंय. घरचे सापडले तर पदक त्यांचं, एक रुपया न घेता. त्यांनी पुन्हा मोडीत काढलं तर? हा प्रश्न मला छळतो. पण वस्तू त्यांची, निर्णयही त्यांचाच. तोवर ते माझ्या शोकेसमध्ये नाही, कपाटात कापडात गुंडाळून आहे. नाव मुद्दामच इथे छापत नाही. आधी घरच्यांना कळू दे.

दोस्तांनो, तुमच्याही आजीच्या ट्रंकेत, गावच्या घरातल्या फडताळात असं एखादं काळं पडलेलं 'नाणं' असेल. ब्रासोने घासू नका, अक्षरं झिजतात. आणि सराफाकडे जायच्या आधी एकदा त्याची कड वाचा. कदाचित तिथे तुमचंच आडनाव असेल.