पाऊण लिटरचे ऋण

पाणीपुरवठ्याच्या नोकरीत मी पाणी कायम मोठ्या आकड्यांत मोजले. उल्हास नदीतून किती दशलक्ष लिटर उचलले, मोहिली, बारावे, नेतिवलीच्या जलशुद्धीकरण केंद्रांतून पुढे किती गेले, माणशी १३५ लिटरचा सरकारी निकष कुठे पुरा झाला. लहान मापाने पाणी मोजायला शिकवले ते कल्याणच्या दूधनाक्याजवळ राहणाऱ्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी. मोहल्ला त्यांना चाचा म्हणायचा. मीही म्हणू लागलो.

ओळख झाली ती त्यांच्या तक्रारीमुळे. गल्लीतली वाहिनी गळत होती. "तुमच्याकडे पाणी कमी येतं का?" मी विचारले. "माझ्याकडे भरपूर येतं, साहेब. गटारात जातंय त्याची तक्रार आहे." अशी तक्रार तोवर माझ्याकडे कुणी केली नव्हती.

दुरुस्ती चालू असताना असरच्या नमाजची वेळ झाली. चाचांनी ओट्यावर बसून तोटीच्या लोट्याने वजू, म्हणजे नमाजआधीची शुद्धी, केला. हात, तोंड, पाय, सगळे त्या एका लोट्यात. नळ सोडून केला असता तर पाच-सहा लिटर सहज गेले असते. मी तसे म्हणताच ते खुलले आणि सांगू लागले. पैगंबरसाहेब एका मुदमध्ये वजू करीत आणि एका साअपासून फार तर पाच मुदपर्यंत पाण्यात आंघोळ, असे बुखारीच्या हदीससंग्रहात, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आचरणाच्या नोंदींत, आहे. मुद म्हणजे मध्यम माणसाची भरलेली ओंजळ, साधारण पाऊण लिटर. चार मुदांचा एक साअ. वाहत्या नदीकाठी बसला असलात तरी वजूला जास्त पाणी घेऊ नका, अशीही एक रिवायत, म्हणजे परंपरेने आलेले कथन, आहे. ते सांगणाऱ्यांची साखळी कमकुवत मानतात, हेही त्यांनीच सांगितले. धर्माचा दाखला देतानाही ते शिक्षकच असत. कच्चा पुरावा पक्का म्हणून खपवत नसत.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी नळाचे वायसर असायचे. मशिदीतल्या वजूखान्यात एखादी तोटी ठिबकली, की वायसर बदलूनच पुढे जायचे. बकरी ईद जवळ आली, की पोरांना दटावायचे, "रक्त आणि आतडी नाल्यात गेली तर शेजाऱ्याचा हक्क मारलात."

परसात पेरूचे झाड होते. त्यावर ना जाळी, ना आरडाओरडा. आपण लावलेल्या झाडाचे माणसाने खाल्ले, पाखराने खाल्ले, जनावराने खाल्ले तर तो सदका, म्हणजे दान. चोरीला गेले तर तोही सदका, ही सहीह मुस्लिम या संग्रहातली हदीस ते मिस्कीलपणे ऐकवत. "पोपट आणि पोरं, दोघंही माझ्या खात्यात जमा करतात."

वालधुनीबद्दल मात्र त्यांचा स्वर बदलायचा. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराजवळून येणारी ही नदी उल्हासनगर ओलांडून कल्याणच्या खाडीकडे येईपर्यंत रसायनांनी आणि सांडपाण्याने काळी झालेली असते. पाणवठा, वाट आणि सावली या तीन जागा घाण करणारा शाप ओढवून घेतो, असे पैगंबरांनी बजावले होते. "तिथे एका माणसाच्या घाणीबद्दल सांगितलंय," चाचा म्हणत, "इथे अख्खे कारखाने आहेत. शापाचा हिशोब तुम्हीच करा, तुम्ही इंजिनीअर."

ऑगस्ट २०१५ मध्ये इस्तंबूलला मुस्लिम विद्वानांनी हवामानबदलाविषयी जाहीरनामा काढला. तेलसमृद्ध आणि श्रीमंत देशांनी हरितगृह वायू थांबवण्यात पुढाकार घ्यावा, असे आवाहन त्यात होते. मी बातमी वाचून दाखवली. चाचांनी मान डोलावली आणि विचारले, "चांगलं आहे. मशिदीच्या टाकीचा फ्लोट कधी बसवून देताय?" त्या आठवड्यात बसवून दिला.

मी देवपूजेपुरता धार्मिक माणूस. चाचांनी मला कधी त्यांच्या धर्माकडे ओढले नाही. घरातले पाणी मात्र आपल्या मालकीचे नसते, त्याचा जाब द्यावा लागतो, ही त्यांची श्रद्धा माझ्यात कायमची मुरली. ज्याला देव मानायचा नाही, त्याने खालच्या टोकाच्या वस्तीला जाब द्यावा. तिथे पाण्याचा दाब पोहोचत नाही.

चाचा आता नाहीत. निवृत्तीनंतर मी डोंबिवलीत राहतो आणि आमच्या सोसायटीच्या बैठकीत पाण्याचा विषय माझ्याकडे असतो. टाकी भरून वाहण्याच्या तक्रारीला मी सर्वांत आधी घेतो, घरात पाणी कमी येण्याच्या तक्रारीच्याही आधी. सभासद कुरकुरतात. मी त्यांना दूधनाक्यावरच्या त्या तक्रारदाराची गोष्ट सांगतो आणि वायसरच्या खर्चाला मंजुरी घेतो.