एन्ट्री करा!

बदलापूर पूर्वेला, कात्रपच्या एखाद्या सोसायटीत शिरा; वॉचमनच्याही आधी भेटतं ते रजिस्टर. प्लॅस्टिकच्या टेबलावर ऐसपैस पसरलेलं, पुठ्ठ्याच्या कोपऱ्यांना चिकटपट्टी, शेजारी सुतळीने बांधलेलं पेन. ते स्वतः बोलत नाही. त्याच्या वतीने वॉचमन म्हणतो, "काका, एन्ट्री करा."

स्वभाव भारी चौकस. नाव काय, कुठून आलात, कोणाकडे, मोबाईल नंबर, काम काय? पट्टीने आखलेल्या रकान्यांत 'उल्हासनगर कॅम्प ४', 'अंबरनाथ पश्चिम', 'वांगणी' अशी अख्खी लोकल उतरते.

माणूस बघून वागण्याची खोडही आहे. चारचाकीला सलाम आणि एन्ट्री माफ. पायी आलेल्या आजोबांना मात्र चष्मा शोधून दहाच्या दहा आकडे लिहावे लागतात. डिलिव्हरीवाला पोरगा नाव, फ्लॅट, सही एकाच फराट्यात उरकतो. त्याला ते काही म्हणत नाही.

हिशेबाचा मात्र आनंद आहे. 'जाण्याची वेळ' हा रकाना कायम कोरा. त्याच्या लेखी इमारतीत शिरलेला एकही माणूस अजून बाहेर पडलेला नाही.

आणि पोटात काही राहत नाही. आपला नंबर लिहिता लिहिता वरच्या चार ओळी वाचून होतात: तीनशे दोनमध्ये काल इस्टेट एजंट, आज बँकेचा वसुलीवाला. 'कामाचं स्वरूप' या रकान्यात लोक ठसठशीत 'पर्सनल' लिहितात आणि शेजारी स्वतःचा नंबर टाकतात.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ साली डेटा संरक्षणाचा कायदा झाला, २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद असलेला. रजिस्टर ढिम्म! कारण हा कायदा डिजिटल माहितीचा. कागदावरची माहिती पुढे डिजिटल झाली, तरच तो तिच्याकडे बघतो.

युरोपातल्या भाऊबंदांना एवढी मोकळीक नाही. २०१८ पासून लागू असलेला तिथला डेटा संरक्षणाचा कायदा, जीडीपीआर, माहिती नीट लावून ठेवलेली असेल तर, कागदालाही सोडत नाही. फिनलंडमध्ये दारोदार फिरणाऱ्या धर्मप्रचारकांनी भेटींची टिपणं ठेवली होती; अशा टिपणांनाही डेटा संरक्षणाचे नियम लागू होऊ शकतात, असं युरोपीय न्यायालयाने त्याच वर्षी सांगितलं. कोविडमध्ये जर्मनीतल्या हॉटेलांना गिऱ्हाइकांची नावं लिहून घ्यावी लागत; पण यादी सगळ्यांना दिसेल अशी उघडी ठेवायची नाही, ही तिथल्या डेटा अधिकाऱ्यांची ताकीद. अमेरिकेत सबंध देशाला पुरेल असा एक कायदाच नाही आणि कॅलिफोर्नियाचा कायदा नफा कमावणाऱ्या मोठ्या धंद्यांपुरता. तिथे आपल्या रजिस्टरचं छान जमेल.

इथे त्याला धोका आहे तो सोसायटीच्या सेक्रेटरींचा. पार्किंगमध्ये अनोळखी स्कूटर दिसली की ते पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात, 'हा कोण?' झालं! कागद डिजिटल झाला आणि कायद्याला आत यायला वाट मिळाली.

उपाय स्वस्त आहे. लिहिताना वरच्या ओळी झाकायला एक पुठ्ठा ठेवला तरी पुरे. फक्त तो मीटिंगमध्ये सुचवणाऱ्याने एका प्रश्नाची तयारी ठेवावी: "का हो, तुम्हाला काय लपवायचंय?"