तिसरी तार

स्मरणिकेसाठी वसतिगृहातील एखादी आठवण लिहावी, असा निरोप आला तेव्हा मला आठवला तो विज्ञानाचा तास. सरांनी फळ्यावर विद्युत परिपथ काढला, एका बिंदूवर खडू टेकवला आणि मला विचारले, "येथील व्होल्टेज किती?" मी तत्परतेने "सहा" म्हणालो. सर शांतपणे म्हणाले, "कशाच्या तुलनेत?" मी निरुत्तर झालो. विभवांतर दोन बिंदूंमध्ये असते, एकट्या बिंदूच्या व्होल्टेजला अर्थ नसतो, हे त्यांनी त्या दिवशी समजावले.

पुढे मी इलेक्ट्रॉनिक्सचा अभियंता झालो. काही वर्षांपूर्वी एका पाणीपुरवठा योजनेचे काम माझ्याकडे आले. टेकडीवरील टाकीतील पातळी मोजणारे यंत्र आणि तेथून सुमारे ४०० मीटर अंतरावरील पंपघरातील नियंत्रक आरएस-४८५ पद्धतीने जोडायचे होते. या पद्धतीत माहिती एकमेकींत पिळलेल्या दोन तारांतून जाते. ग्राहक चिप त्या दोन तारांमधील फरक वाचते, त्यामुळे दोन्हींवर सारखाच आलेला विद्युत गोंगाट आपोआप वजा होतो. मग दोन तारा पुरेत, असे मी ठरवले आणि सामाईक ग्राउंडची तिसरी तार आराखड्यातून वगळली.

उन्हाळ्यातील चाचणी निर्विघ्न पार पडली. पावसाळ्यात मात्र पंप सुरू होताच संदेश तुटू लागले. टाकीवरील चिप दोनदा जळाली. माझ्या हाताखालच्या तरुण सहकाऱ्याने जोडणी नीट केली नसावी, असे मी सर्वांसमोर बोललो आणि अहवालातही तसेच लिहिले. त्याची नोकरी अद्याप कायम झालेली नव्हती. तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने टाकीपासून पंपघरापर्यंत एक सुटी तार ओढली, दोन्ही ठिकाणच्या ग्राउंडमध्ये मल्टिमीटर लावला आणि मला बोलावले. पंप बंद असताना २ व्होल्ट. सुरू होताच १८.

सरांचा प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. फरक वाचणाऱ्या चिपलाही दोन्ही तारा तिच्या स्वतःच्या ग्राउंडच्या तुलनेत उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट या मर्यादेतच लागतात. मी जिला एकच जमीन समजत होतो, त्या दोन होत्या.

दोन्ही ग्राउंड नुसत्या तारेने जोडले असते, तर त्या तारेतूनच नको तो प्रवाह वाहू लागला असता. म्हणून टाकीच्या टोकाला विलगक बसवला. त्याच्या आत संदेश प्रकाशाच्या रूपाने पलीकडे जातो. वीज ओलांडत नाही. मात्र विलगकाच्या तारांकडील बाजूलाही कशाचा तरी आधार लागतोच. तो पंपघराच्या ग्राउंडपासून आणलेल्या तिसऱ्या तारेने दिला. टाकीजवळच्या जमिनीशी तिचा संबंध ठेवला नाही. त्यानंतरचा सारा पावसाळा संदेश अखंड येत राहिले.

अहवाल मी परत घेतला, दोष माझ्या आराखड्याचा होता असे लिहिले आणि ज्यांच्यासमोर त्याला बोललो होतो, त्यांच्यासमोरच त्याची क्षमा मागितली. तो एवढेच म्हणाला, "सर, मोजल्याशिवाय मलाही खात्री नव्हती."

आमच्या सरांना हे सांगायचे राहून गेले. आता कोणाच्या चुकीविषयी लिहायला बसलो, की आधी त्यांचा तो प्रश्न स्वतःला विचारतो. या शाळेचे माझ्यावरचे ऋण ते हेच.