वहीतला नियम बदलताना

लक्ष्मीपूजनासाठी नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढून झाले होते. बार्शी-सोलापूर रस्त्यावरील वैरागच्या बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या भुसाराची आडत चालविणाऱ्या त्या घरात आता सारा हिशेब संगणकावर होतो. तरीही दिवाळीला लाल बांधणीची एक वही आणण्याचा रिवाज अण्णांनी मोडू दिलेला नाही. पुण्याहून आलेला नातू मात्र पूजेच्या वेळीही उदास होता. अण्णांनी त्या संध्याकाळी काही विचारले नाही. पाडव्याच्या सकाळी दुकानाच्या गादीवर दोघेच असताना ते एवढेच म्हणाले, "काय अडलंय, ते मांड बाळ."

नातू संगणक अभियंता. नोकरीतून उरणारा वेळ तो 'इथेरियम' या ब्लॉकचेनच्या कामाला देतो. ब्लॉकचेन म्हणजे एक वही, पण तिच्या हजारो प्रती जगभर. प्रत्येक नवे पान सर्व प्रतींत सारखेच उतरते आणि मागील पानावर खाडाखोड करता येत नाही. या वहीचा कुणी मालक नाही. तिचे नियम संगणकाच्या भाषेत लिहिलेले असून ते कुणालाही वाचता येतात आणि त्यांत सुधारणाही कुणालाही सुचविता येते. सुधारणा कशी मांडावी याची लेखी पद्धत २०१५ पासून ठरलेली आहे. हेतू, नेमका बदल, त्यामागील कारणे, जुन्या व्यवस्थेवर होणारा परिणाम आणि सुरक्षेचा विचार एवढे सारे लिहून द्यावे लागते. मग मसुदा, परीक्षण, अखेरची हाक आणि अंतिम स्वरूप अशा पायऱ्या येतात. संपादक केवळ मांडणी नीट आहे की नाही हे पाहतात. प्रस्ताव चांगला की वाईट हे ते ठरवीत नाहीत. लोकांची संमती मिळविण्याचा भार प्रस्ताव मांडणाऱ्यावरच असतो.

नातवाचा प्रस्ताव लहान होता. मोबाईलवरील पाकिटात सही करण्यापूर्वी व्यवहाराचा तपशील ग्राहकाला वाचता येईल अशा शब्दांत दिसावा, इतकेच त्याचे मागणे. कुणी विरोध केला नाही. कुणी पाठिंबाही दिला नाही. सहा महिने हालचाल न झालेल्या प्रस्तावावर 'थबकलेला' असा शिक्का बसतो. तसा तो बसला आणि नातवाचे मन खचले.

"मग मंजुरी देतं कोण? हेड ऑफिस कुठं आहे?" अण्णांनी विचारले.

"हेड ऑफिसच नाही, अण्णा. वही ठेवणाऱ्यांनी आपापल्या संगणकावर नवा नियम घेतला, तरच तो लागू होतो."

अण्णांना हे खरे वाटेना. परिपत्रक नाही, वरिष्ठाची सही नाही, मग बदल होतात तरी कसे? तेव्हा नातवाने त्यांना १५५९ क्रमांकाच्या प्रस्तावाची हकिगत सांगितली.

इथेरियमच्या वहीत नोंद करण्यासाठी शुल्क द्यावे लागते. पूर्वी किती द्यायचे हे ज्याचे त्याने अंदाजाने ठरवायचे. कमी बोलावे तर नोंद ताटकळत राही. म्हणून लोक घाईने गरजेपेक्षा अधिक मोजून बसत.

अण्णा हसले. "आमच्या उमेदीत हत्ता पद्धत होती. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. शेजारच्यानं किती दिलं, कळायचंच नाही. पुढं उघड लिलाव आला."

एप्रिल २०१९ मध्ये इथेरियमचे एक संस्थापक विटालिक ब्युटेरिन आणि त्यांचे सहकारी यांनी यावर उपाय लिहून मांडला. मूळ शुल्क वहीनेच ठरवावे. मागील पान किती भरले होते ते पाहून ते दर पानाला जास्तीत जास्त १२.५ टक्क्यांनी वाढावे किंवा घटावे. आणि ही रक्कम कुणाच्याही खिशात न जाता नष्ट व्हावी. नोंद करणाऱ्याला वर थोडी बक्षिशी मिळावी.

"म्हणजे नोंद लिहिणाऱ्यांचं उत्पन्न बुडालं," अण्णा लगेच म्हणाले.

नेमके तेच झाले. मायनर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तेव्हाच्या नोंद लिहिणाऱ्यांपैकी अनेकांनी उघड विरोध केला. प्रस्ताव पुढे नेणाऱ्यांना सत्तेच्या बळावर कुणाचे तोंड बंद करणे शक्य नव्हते, कारण सत्ता कुणाकडेच नव्हती. त्यांपैकी टिम बेको यांनी पाकिटे आणि इतर सेवा चालविणाऱ्यांकडे जाऊन त्यांच्या शंका ऐकल्या व लिहून काढल्या. टिम रफगार्डन या संगणकशास्त्रज्ञाने डिसेंबर २०२० मध्ये या योजनेची स्वतंत्र छाननी केली. या बदलाने शुल्क फारसे उतरणार नाही, पण किती द्यावे याचा अंदाज मात्र सोपा होईल, असे त्याने स्पष्ट लिहिले. फायदा फुगवून सांगण्याचा मोह त्यामुळे टळला. वेगवेगळ्या चमूंनी तो नियम आपापल्या प्रणालीत लिहून तपासला. अखेर ५ ऑगस्ट २०२१ रोजी तो लागू झाला. मांडणीपासून अंमलापर्यंत सव्वादोन वर्षांहून अधिक काळ गेला होता.

तोच नियम जानेवारी २०२२ मध्ये भारतीय अभियंत्यांनी उभारलेल्या 'पॉलिगॉन' या साखळीने स्वीकारला. त्याच वर्षी गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली भागातील सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रांची नोंद पॉलिगॉनवर करण्याचे काम हाती घेण्यात आले. दूरदेशी चर्चा झालेला नियम असा महाराष्ट्राच्या टोकाच्या तालुक्यातील कागदापर्यंत येऊन पोहोचला होता.

अण्णा काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "तुझ्या प्रस्तावानं काम कुणाचं वाढणार?"

"पाकिटं बनवणाऱ्यांचं. त्यांना प्रत्येक व्यवहारासाठी वेगळं लिहावं लागेल."

"त्यांच्यापैकी किती जणांशी बोललास?"

नातू गप्प झाला. त्याने सर्वांसाठी लिहिले होते; एकालाही व्यक्तिशः विचारले नव्हते. आपले म्हणणे योग्य आहे, तेव्हा ते आपोआप पटेल, असे त्याने गृहीत धरले होते.

"बाजारात नवा रिवाज आणायचा, तर ज्याचं नुकसान होणार त्याच्या दुकानाची पायरी आधी चढावी लागते," अण्णा म्हणाले. "तो हो म्हणेलच असं नाही. पण त्याची अडचण तरी आपल्याला कळते. कधी कधी आपलीच चूक कळते."

थबकलेला प्रस्ताव पुन्हा मसुदा म्हणून सुरू करता येतो, ही सोय त्या पद्धतीत आहे. भाऊबीज आटोपून पुण्याला परतण्यापूर्वी नातवाने पाकिटे बनविणाऱ्या पाच चमूंची नावे एका कागदावर लिहिली आणि पहिल्या चमूला पत्र पाठविले. त्यात प्रस्तावाची बाजू कुठेच मांडलेली नव्हती. हा बदल करायचा झाल्यास तुम्हाला नेमके काय जड जाईल, एवढेच त्याने विचारले होते.

उत्तर आले तेव्हा तो पुण्यात होता. प्रस्तावातील दोन अटी व्यवहार्य नाहीत, असे त्या चमूने कारणांसह कळविले होते. त्याने त्याच रात्री वैरागला फोन केला. "अण्णा, चुका निघाल्या," तो म्हणाला. आणि त्याच्या आवाजात दिवाळीतील उदासी नव्हती.