ब्रनोची पहिली जूलिएट

झेक देशांतील मोराविया प्रांताचें मुख्य शहर ब्रनो. तेथें जाणारा प्रवासी बहुधा श्पिल्बेर्कचा किल्ला पाहून परततो. परंतु रसिकानें माहेन नाट्यगृहापुढें घटकाभर थांबावें. १८८२ सालीं उघडलेल्या या नाट्यगृहांत आरंभापासूनच एडिसनचे विजेचे दिवे लागले. आदल्याच वर्षीं व्हिएन्नाचें एक नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानीं पडून शेंकडों प्रेक्षक प्राणांस मुकले होते. तेव्हां गॅसच्या ज्योतीची धास्ती वाटावी हें साहजिकच होतें. १९११ सालीं स्वतः एडिसन येथें येऊन गेला.

परंतु या रंगभूमीचा खरा मान निराळाच आहे. प्रोकोफिएव्ह या रशियन संगीतकारानें १९३५ सालीं ‘रोमिओ आणि जूलिएट’ या बॅलेचें संगीत रचलें. पण त्यावर नाचणें अशक्य, असें म्हणून मॉस्कोच्या बोल्शॉय नाट्यगृहानें तें दूर सारलें. मायदेशीं अव्हेरलेली ही कृति ३० डिसेंबर १९३८ रोजीं ब्रनोंत प्रथम रंगली. नृत्ययोजना इव्हो वान्या प्सोता यांची व रोमिओही तेच. जूलिएट झाल्या झोरा शेम्बेरोव्हा. १९१३ सालीं जवळच्याच व्हिश्कोव्ह गांवीं जन्मलेल्या. संगीतकारास मात्र हा प्रयोग पाहावयास मिळाला नाहीं.

तो काळ ध्यानांत घ्यावा. तीनच महिन्यांपूर्वीं म्यूनिकच्या करारानें देशाचा सीमाप्रांत हिटलरच्या पदरांत पडला होता. पुढील मार्चांत जर्मन सैन्य ब्रनोंतच शिरलें. घराला आग लागली असतां नाच कसले बसवितां, असें व्यवहारी माणूस विचारील. पण परक्यांनीं सीमा आंखल्या तरी आपली अभिरुचि आपणच राखावयाची असते, हें या मंडळींनीं कृतीनें दाखविलें. १९४० सालीं लेनिनग्राड येथें उलानोव्हाबाईंची जूलिएट अवतरली आणि त्यांच्या कीर्तीपुढें ब्रनोचें नांव झांकलें गेलें.

शेम्बेरोव्हाबाई पुढें प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहांत चमकल्या, मूकाभिनयांत रमल्या व शिकवूंही लागल्या. नामांकित नृत्यरचनाकार यिर्झी किलियान हे त्यांचेच शिष्य. १९६८ सालीं सोव्हिएट रणगाडे प्रागंत आले. त्याच वर्षीं बाईंनीं ऑस्ट्रेलियाची वाट धरली. पंचावन्नाव्या वर्षीं परभाषेंत नवा संसार मांडणें सोपें नव्हे. पण अंगविक्षेपाची भाषा त्यांना कोठेंही परकी नव्हती. अॅडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठांत त्यांनीं ती नटांना शिकविली आणि २०१२ सालीं, वयाच्या ९९ व्या वर्षीं, तेथेंच देह ठेवला.

शिल्पकाराची मूर्ति त्याच्यामागें उरते. नर्तकीचें नृत्य पडद्याबरोबर विरतें. तें उरतें तें शिष्यांच्या अंगीं. ब्रनोचें नाट्यगृह पाहतांना हें स्मरलें, तर नुसत्या दगडविटांच्या दर्शनाहून अधिक कांहीं पदरीं पडेल.