माळ्यावरची गाळणी

आमच्या प्रभादेवीच्या चाळीत पहाटे पाचला पाणी येतं आणि सातच्या आत जातं. तेवढ्या वेळात आई पिंप भरते, हंडा-कळशी भरते आणि पिण्याचं पाणी स्टीलच्या कँडल फिल्टरमध्ये ओतते. पहिल्या पावसात नळाचं पाणी गढूळ आलं की नळाच्या तोंडाला धुतलेलं फडकं बांधते. दर रविवारी कँडल काढून वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासते. साबण लावत नाही. हे सगळं मी जन्मापासून पाहत आलो आहे. पाहत आलो आहे म्हणजे त्याकडे लक्ष दिलं होतं, असं मात्र नाही.

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आजोबा गिरणीत साचाखात्यात होते. १९८२ च्या संपात त्यांची नोकरी गेली ती गेलीच. बाबांची शाळा त्यामुळे आठवीतच सुटली. आई सातवी पास. त्यामुळे घरात माझ्या शब्दाला वजन आलं, आणि खरं सांगायचं तर ते वजन माझ्या डोक्यात गेलं.

इतिहासाच्या आमच्या सरांनी ऑगस्ट २०२४ मध्ये राजमाचीला जाताना आपला फिल्टर माझ्या हवाली केला. मुठीत मावेल एवढी निळी नळी. एका टोकाला प्लॅस्टिकची पिशवी जोडायची, तीत ओढ्याचं पाणी भरायचं आणि पिशवी दाबायची. दुसऱ्या टोकातून पिण्याजोगं पाणी येतं. आत शेवयांहून बारीक अशा पोकळ तंतूंची जुडी असते. त्या तंतूंच्या भिंतींना छिद्रं असतात ती ०.१ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग! कॉलऱ्याचे, टायफॉइडचे जंतू त्यातून जात नाहीत. काविळीचा विषाणू मात्र त्याहून कितीतरी लहान; तो निसटतो. म्हणून वस्तीखालच्या ओढ्याचं पाणी गाळलं तरी उकळायचंच, असं सरांनी बजावलं होतं. आणखी एक सांगितलं होतं, “परत आलास की उलट्या बाजूने पिचकारी मारून धू, झटक आणि वाळव. मगच ठेव.”

राजमाचीचे ओढे त्या दिवशी लाल मातीने नुसते फुगले होते. तेच पाणी आम्ही न निवळता, फडक्यातून न गाळता पिशवीत भरलं. फिल्टरने बिचाऱ्याने निमूट काम केलं. रात्री साडेअकराला चिंब भिजून घरी पोचलो आणि नळी तशीच प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर गाठ मारून माळ्यावर फेकली.

“अरे, दे ती. मोरीत धुऊन ठेवते,” आई म्हणाली.

“आई, तू हात लावू नकोस. ती साधी गाळणी नाही. तुला त्यातलं कळायचं नाही.”

आई काही बोलली नाही. तिने माझं ताट वाढलं.

डिसेंबरात रतनगडाचा बेत ठरला. शेवटची कसारा लोकल, पुढे जीपने रतनवाडी, अमृतेश्वराचं देऊळ, जंगल आणि मग त्या दोन लोखंडी शिड्या. आम्ही आठजण संध्याकाळी वर गुहेत पोचलो तेव्हा बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. टाक्यातलं पाणी हिरवट होतं. “काळजी नको, फिल्टर आहे!” मी ऐटीत म्हणालो. पिशवी भरली, दाबली. पाण्याऐवजी आधी वास आला, पावसाळ्यात न वाळलेल्या पायमोज्यांचा वास. मग थेंब. मग पुन्हा थेंब. सगळे माझ्याभोवती कप धरून उभे. मी जोर लावला आणि पिशवीची शिवण टरकन फाटली.

छोट्या शेगडीवर पाणी उकळायला घेतलं, पण आठजणांना ते पुरणार कसं? रात्री गॅस संपला. पहाटे एकाला राहवलं नाही; त्याने टाक्यावर जाऊन ओंजळीने पाणी प्यायलं. घरी आल्यावर चौथ्या दिवशी तो तापाने आणि जुलाबाने आडवा झाला आणि त्याची परीक्षा बुडाली. त्या पाण्याने की कसाऱ्याला खाल्लेल्या वड्याने, हे कोणालाच सांगता येईना. तो स्वतः वड्याला दोष देतो. मी देत नाही.

जानेवारीत सर वर्गात आज्ञापत्र शिकवत होते. किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावं, नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, एखाद्या झऱ्यावर विसंबू नये, साठवलेलं पाणी जपावं, असं रामचंद्रपंत अमात्यांनी तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. सर हे सांगत असताना मी वहीत मान घालून बसलो होतो. फिल्टर परत करायचा होता, आणि तो अजून तुंबलेलाच होता.

त्या रात्री मी नळी आईपुढे ठेवली. तिने ती नाकाशी नेली.

“ओलीच बांधून ठेवली होतीस ना?”

मी मान हलवली.

“घाण पाणी कुठून शिरतं? आणि चांगलं कुठून येतं?”

मी दाखवलं.

“मग घाण आली त्याच वाटेने परत काढायची. पुढे ढकलशील तर आणखी रुतेल.”

रात्रभर नळी कोमट पाण्यात ठेवली. सकाळी मेडिकलवाल्याकडून मोठी सिरिंज आणली. मी ती नळाखाली धरली तर आईने हात मागे ओढला. “चांगल्या बाजूने घालायचं ना? मग फिल्टरचंच पाणी घे.” सरांनी पुढे हेच सांगितलं: स्वच्छ तोंडाला कच्च्या पाण्याचा थेंबही लागता कामा नये. पण आईला ते आधीच ठाऊक होतं.

पहिल्या दोन पिचकाऱ्या अडकल्या. तिसरीला मोरीत तांबूस पाणी आलं. चार महिने उलटून गेले होते, आणि राजमाचीची माती आता आमच्या मोरीतून वाहत होती! वीसेक वेळा धुतल्यावर पाणी स्वच्छ पडू लागलं. मग ब्लीचचे थोडे थेंब टाकलेलं पाणी आतून फिरवलं आणि नळी दोरीला तोंड खाली करून टांगली. नवी पिशवी मी पेपरलाइनच्या पैशांतून घेतली.

सरांना सगळं सांगितलं, रतनगडासकट. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं की ही कधी बर्फात गोठली नव्हती ना, कारण गोठली तर तंतू आतून तडकतात, बाहेरून काहीच दिसत नाही आणि मग ती टाकूनच द्यावी लागते. हिमालयात ते रात्री ती झोपण्याच्या पिशवीत पोटाशी घेऊन निजतात म्हणे. मग त्यांनी नळी उजेडात धरून पाहिली. “कोणी धुतली?”

“आईने.”

“मग राहू दे तिच्याकडेच. पुढच्या ट्रेकला घेऊन ये.”

आता ती माळ्यावर नाही. स्टीलच्या फिल्टरशेजारी खिळ्याला टांगलेली असते. रविवारी कँडल हातात घेऊन आई मोरीत बसते आणि मला हाक मारते, “ऊठ रे, तुझी ती नळी आण.”